किंमत बिजागरीची

टेबलावर मऊ कापड अंथरून त्यावर एक पांढरं लढाऊ विमान उताणं ठेवलेलं असतं. लांबी जेमतेम २४ सेंटिमीटर. आधी पोटाखालची बंदूक सुटते. मग दोन इंजिनांमधल्या फटीत घडी करून बसवलेले हात बाहेर येतात. इंजिनं खाली ओढली की त्यांचे पाय होतात आणि मागचं तोंड दुभंगून त्याची पावलं बनतात. गुडघे उलटे वाकवले की सगळा प्रकार पाण्यात उभ्या बगळ्यासारखा दिसतो. या मधल्या रूपाला गरवॉक म्हणतात. खरी परीक्षा यानंतर. पायांचे वरचे सांधे एका बारीक दांड्यावरून पुढे आणून विमानाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायचे, नाक खाली वळवायचं, वैमानिकाच्या काचेवर झाकण सरकवायचं, पंख मिटायचे, शेपटी दुमडून पाठीवर घ्यायची आणि पोटाखाली दडलेलं डोकं वर काढायचं.

शेवटची खाच बसताना ‘कट्ट’ असा छोटा आवाज येतो. तो स्वच्छ आला की संग्राहक निर्धास्त होतो. दबका आला, किंवा आलाच नाही, तर कुठेतरी अर्धा मिलिमीटर चुकलेला असतो आणि मग सगळं उलट्या क्रमाने उघडत मागे जावं लागतं.

हे खेळणं म्हणजे व्हीएफ-१ व्हॅल्किरी, १/६० प्रमाणातलं. वर वर्णन केलेल्या सगळ्या उलाढालीत, बंदूक सोडली तर, त्याचा एकही भाग सुटा होऊन हातात येत नाही. जपानी संग्राहक याला ‘कान्झेन हेन्केई’, म्हणजे संपूर्ण रूपांतर, म्हणतात. खोक्यावर हे शब्द छापलेले असले की किंमत चढते आणि अपेक्षाही.

या विमानाचा जन्म १९८२चा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जपानी दूरचित्रवाणीवर ‘सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस’ ही मालिका सुरू झाली. विमानाची रचना शोजी कावामोरी यांची; तेव्हा त्यांची विशी नुकती सुरू झाली होती. डोळ्यासमोर अमेरिकी नौदलाचं एफ-१४ टॉमकॅट होतं, त्यामुळे पंख मागेपुढे होतात आणि शेपट्या दोन आहेत. चित्रपटलावर काहीही चालतं. रोबोचा हात दंडापासून लांब झाला किंवा पाय पोटात गडप झाला तरी प्रेक्षक विचारायला येत नाही. खेळण्यात ती सोय नाही. जो भाग विमानात दिसतो त्याला रोबोमध्ये जागा सापडलीच पाहिजे आणि रोबोचा चेहरा विमानात कुठेतरी लपलाच पाहिजे.

जपानी खेळण्यांची ही वाट दोन बाजूंनी आली. बांदाईची उपकंपनी असलेल्या पॉपीने १९७४ मध्ये ‘चोगोकिन’ नावाने माझिंगर झेड या रोबोचा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला पुतळा बाजारात आणला. हातात घेतला की वजन जाणवायचं आणि पोरं त्या वजनावरच खूश व्हायची. दुसऱ्या बाजूला ताकारा कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ मालिका सुरू केली. पुढे तिच्यात खऱ्याखुऱ्या मोटारींचे रोबो झाले आणि १९८३च्या ‘मायक्रो चेंज’मध्ये कॅसेट प्लेयर, पिस्तूल अशा घरातल्या वस्तूंचेही. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने या दोन मालिकांमधली खेळणी उचलली, त्यांना नवी नावं नि नवी कथा दिली आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून विकली. ऑप्टिमस प्राइम आधी डायाक्लोनचा ‘बॅटल कॉन्व्हॉय’ होता. मेगाट्रॉन हे मायक्रो चेंजमधलं वॉल्थर पी-३८ पिस्तूल.

व्हॅल्किरीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तिचं मूळ १/५५ प्रमाणातलं खेळणं ताकातोकु या कंपनीचं. ते तुफान खपलं, तरी १९८४ मध्ये कंपनी बुडाली आणि पुढे याच खेळण्याच्या आवृत्त्या बांदाईने काढल्या. हॅस्ब्रोने १९८५ मध्ये तेच विमान ‘जेटफायर’ नावाने ट्रान्सफॉर्मर्समध्ये घुसवलं. पण कार्टूनमध्ये दुसऱ्याच्या मालकीचं रूप दाखवण्याची पंचाईत होती, म्हणून तिथे त्याचा चेहरामोहरा बदलला आणि नावही ‘स्कायफायर’ झालं. दुकानातल्या विमानाचं पडद्यावरच्या विमानाशी जमत नाही, त्याचं कारण हे.

ताकातोकुचं ते जुनं खेळणं आजही हातात घेण्यासारखं आहे. अंग जाडजूड, बारकावे थोडे, पण सांधे दणकट. आठ वर्षांच्या मुलाने दिवसातून दहा वेळा फिरवावं, याच हिशेबाने ते बनवलं होतं. पुढे तेच मूल चाळिशीला आलं आणि त्याला पडद्यावर दिसायची तशी सडपातळ व्हॅल्किरी हवीशी वाटली. इथून घोळ सुरू झाला. अंग बारीक केलं की बिजागरीला जागा उरत नाही. यामातो कंपनीच्या पहिल्या १/६० आवृत्तीत पाय काढून पुन्हा लावावे लागत. नंतरच्या आवृत्तीत ते न काढता फिरवण्याची सोय झाली. दिसण्यात फरक थोडा, आतल्या यंत्रणेत मात्र मोठा.

या यंत्रणेत प्लास्टिकचेही प्रकार असतात. बाहेरचं कवच बहुतेक एबीएसचं. ते कडक असतं आणि रंग चांगला धरतं. जिथे घर्षण आहे तिथे पीओएम. हे प्लास्टिक गुळगुळीत नि चिवट असतं, पण त्यावर रंग टिकत नाही, म्हणून ते आत लपवतात. टोकदार किंवा वाकणारे भाग मऊ पीव्हीसीचे. सगळा भार ज्यावर येतो ते नितंबाचे सांधे, घोटे किंवा विमानाची चाकं धरणारे दांडे जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात. सांध्यांचेही दोन प्रकार. साधा सांधा नुसत्या घट्टपणावर उभा राहतो. रॅचेटच्या सांध्यात दातेरी चकती असते. तो टकटक करत ठरावीक टप्प्यांवर थांबतो आणि जड रोबोचा भार पेलतो. पण पोझ दोन दात्यांच्या मध्ये हवी असेल, तर रॅचेट ऐकत नाही.

आता धातूबद्दल. जितकं जड तितकं चांगलं, हा समज संग्राहकांमध्ये खोल रुतलेला आहे आणि दुकानदार तो मोडायच्या फंदात पडत नाहीत. ताकाराने २००३ मध्ये ‘मास्टरपीस’ मालिका सुरू केली. तिचा पहिला मान एमपी-१ कॉन्व्हॉयचा, म्हणजे आपल्या ऑप्टिमस प्राइमचा. तो चांगलाच जड आणि धातूने भरलेला होता. २०११ मध्ये त्याच पात्राची एमपी-१० ही नवी आवृत्ती आली, तेव्हा आकार घटला, धातूही कमी झाला. काहींनी नाकं मुरडली. पण एमपी-१० सोबतच्या मोटारींच्या प्रमाणात बसतो, हातपाय जास्त मोकळे हलतात आणि ट्रकच्या रूपात फटी कमी दिसतात. घोट्यातला धातू रोबोला उभं राहायला मदत करतो. छातीवरच्या धातूने वजन वाढतं आणि कडांवरचा रंग उडतो, एवढंच.

मग पैसे जातात कशाला? मुख्यतः साच्यांना. प्रत्येक भागासाठी पोलादात कोरलेली पोकळी लागते, आणि दोन भाग एकमेकांत बसायचे तर दोन्ही पोकळ्या तितक्याच काटेकोर लागतात. हा खर्च पहिला नग निघण्याआधीच झालेला असतो. लहान मुलांचं खेळणं लाखांनी खपतं. संग्राहकांचं त्या मानाने थोडकं, म्हणून प्रत्येक नगावर साच्याचा बोजा मोठा पडतो. त्यावर उपाय म्हणजे एकाच साच्यातून अनेक नावं काढणं. व्हॅल्किरीची व्हीएफ-१ए, १जे, १एस ही रूपं अंगाने सारखीच. डोक्यावरच्या लेझर नळ्या मोजायच्या: ए ला एक, जे ला दोन, एस ला चार. ट्रान्सफॉर्मर्समधला स्टारस्क्रीम आणि त्याचे दोन साथीदारही एकाच एफ-१५च्या साच्यातले, फक्त रंगाने वेगळे.

बांदाईची डीएक्स चोगोकिन व्हॅल्किरी जपानमध्ये २० हजार येनच्या आसपास विक्रीला आली. २०१९च्या एमपी-४४ या तिसऱ्या ऑप्टिमस प्राइमने ४० हजार येनची रेघ ओलांडली. या छापील किमतीचा अर्थ पूर्वनोंदणीपुरताच. नोंदणी काही वेळा मिनिटांत संपते आणि खेळणं हाती येण्याआधीच दुय्यम बाजारात त्याचे भाव चढू लागतात. मग कंपनी पुन्हा उत्पादन जाहीर करते आणि चढ्या भावाने घेतलेले कपाळाला हात लावतात.

दुय्यम बाजार पाहायचा तर टोकियोत नाकानो ब्रॉडवे या जुन्या व्यापारी संकुलात जावं. मांदाराके या जुन्या कॉमिक्स-खेळण्यांच्या दुकानाची सुरुवात १९८० मध्ये इथेच झाली. आज त्याचे गाळे संकुलाच्या अनेक मजल्यांवर पसरले आहेत. काचेच्या कपाटात ओळीने रोबो आणि प्रत्येकाला चिठ्ठी: खोकं फाटलेलं, स्टिकर लावलेले, एक क्षेपणास्त्र नाही. विक्रेता दोष स्वतःच लिहून ठेवतो आणि त्यानुसार भाव खाली येतो. खोक्याशिवायचा तोच रोबो बराच स्वस्त पडतो. फिरवून पाहण्यासाठी घेणाऱ्याने हा फरक खिशात टाकावा.

चिठ्ठीत न लिहिलेल्या दोषांची नजर स्वतःलाच कमवावी लागते. पांढरं एबीएस वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की पिवळं पडतं. जुनी जेटफायर विमानं या रोगासाठी बदनाम आहेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदीपर्यंत वापरलेल्या, सोनेरी भुकटी मिसळलेल्या काही प्लास्टिकचा आजार याहून वाईट: ते आपोआप ठिसूळ होतं आणि पहिल्याच वळणाला बिजागरी तुटते. अशुद्ध जस्त आतून भेगाळतं. मऊ रबरी चाकातलं तेलकट द्रव्य शेजारच्या कडक प्लास्टिकमध्ये उतरून खड्डा पाडतं. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात यात खोक्यावरच्या बुरशीची भर पडते.

मुंबई-पुण्यातल्या संग्राहकाला आणखी एक दार ओलांडावं लागतं: कस्टमचं. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर गेलं. समजा, २० हजार येनचा रोबो आहे. येन ६० पैशांना धरला तर झाले १२ हजार रुपये. टपालखर्च अडीच हजार धरू. एकूण साडेचौदा हजारांवर ७० टक्के म्हणजे १०,१५० रुपये, म्हणजे वस्तू व सेवा कराआधीच बेरीज २४,६५०. वैयक्तिक पार्सल कोणत्या शीर्षाखाली मोजलं गेलं, यावर हा आकडा खालीवर होतो. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहायची जुनी युक्ती डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद.

शिवाय जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जपानी संग्राहकांच्या खोक्यांवर ‘१५ वर्षांवरील’ असं छापलेलं असतं, कारण जपानचे खेळण्यांच्या सुरक्षेचे नियमही १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. म्हणूनच या व्हॅल्किरीचं नाक टोकदार आणि पंखांची कड पातळ ठेवता येते. कस्टमच्या टेबलावर मात्र खोक्यातला रंगीत रोबो आधी खेळणंच दिसतो. त्यामुळे बिल आणि वयाचा उल्लेख असलेला खोक्याचा फोटो हाताशी ठेवलेला बरा.

एवढा खर्च करून पहिला रोबो मागवणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. विकणाऱ्याकडून रोबो आणि वाहन अशा दोन्ही रूपांतले फोटो मागावेत. एकाच रूपातला फोटो बहुधा दुसऱ्या रूपातली तूट झाकतो. खांदा आणि नितंब यांच्या सांध्यांचा जवळून काढलेला वेगळा फोटो मागावा, कारण पांढरी रेघ दिसली तर तिथे भेग सुरू झालेली असते. आणि सांधा घट्ट वाटला तर जोर न लावता सिलिकॉन तेलाचा थेंब सोडून थोडं थांबावं. खोकं, सोबत मिळणारं नाणं, मर्यादित आवृत्तीचा शिक्का यांवर पैसे नंतरही घालता येतील. मूळ खेळणं एकदाच नीट निवडावं लागतं, आणि त्यासाठी साचा जुना, पुन्हा उत्पादन झालेला, संग्राहकांनी वर्षभर फिरवून पाहिलेला असेल, तर तोच घ्यावा.