ओढेल हो, पण थांबेल का?

डोंगरात तंबू, शेजारी जुनी फोर बाय फोर जीप आणि तिच्या मागे छोटासा लष्करी ट्रेलर. असं एखादं रील तुमच्याही मोबाइलवर येऊन गेलं असेल. ते बघताना ग्रुपमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, 'आर्मीचा माल आहे, काय होतंय त्याला!' मलाही तसंच वाटायचं. गेल्या जूनमध्ये ताम्हिणी घाटात हा समज अर्ध्या मिनिटात उतरला.

माझ्या मित्राच्या काकांकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी डिस्पोजलवाल्याकडून घेतलेला पाव टनी ट्रेलरही आहे. माणगावकडच्या जमिनीत आंब्याची कलमं लावायची होती आणि पाण्याची छोटी टाकी बांधायची होती. म्हणून चाळीस कलमं आणि सिमेंटच्या पाच गोण्या पुण्याहून न्यायच्या ठरल्या. भरायला आम्ही चौघं. आधी कलमं पुढे नीट लावली. गोण्या उशिरा आल्या, त्या मागून आत टाकल्या. जिथे पडल्या तिथेच राहिल्या. मित्र चालवत होता, मी त्याच्या शेजारी, काका मागच्या बाकावर.

मुळशीपर्यंत सगळं झकास. ताम्हिणी गाव मागे पडलं आणि विळ्याच्या बाजूचा उतार लागला. वेग पन्नासच्या आसपास. अचानक स्टिअरिंग हलकं झालं आणि मागून कुणीतरी जीपला डावीकडे-उजवीकडे ढकलायला लागलं. आरशात बघितलं, तर ट्रेलर शेपूट हलवत होता. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. समोरून एसटी चढत होती. मित्राचा पाय ब्रेककडे गेला आणि मागून काका ओरडले, "ब्रेक नको! ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर!" त्याने धरलं. वेग उतरला, झोके थांबले, एसटी शेजारून निघून गेली. पुढे जागा बघून आम्ही गाडी बाजूला घेतली. मित्राचे हात थरथरत होते. माझेही.

काका काही बोलले नाहीत. खाली उतरून त्यांनी ट्रेलरची दांडी हाताने वर उचलून बघितली. दांडीच्या टोकाची कडी जीपच्या हुकात अडकलेली असते. ती दांडी एका हाताने सहज उचलली गेली. "पोरांनो, गाडी उलार आहे," ते म्हणाले.

बैलगाडीवाल्यांना ठाऊक होतं

उलार म्हणजे मागच्या बाजूला ओझं जास्त झालेली गाडी. बैलगाडी उलार झाली की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ट्रेलरचंही तेच. मागे वजन जास्त झालं की दांडी जीपची मागची बाजू वर उचलायला बघते, मागच्या चाकांची पकड कमी होते आणि वेग वाढला की ट्रेलर डोलायला लागतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारला, तर जीप थांबते, ट्रेलर पुढे ढकलत राहतो आणि दोघं मध्येच दुमडतात.

उपाय अकरावीच्या फिजिक्सचाच. जड सामान तळाला, चाकांच्या आसावर किंवा किंचित पुढे. ढोबळ हिशेब असा, की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा टक्क्यांच्या आसपास वजन हुकावर यायला हवं. सहाशे किलोचा ट्रेलर असेल, तर हुकावर साठ किलो. हे घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतं. सपाट जमिनीवर चाकांना ओट लावायची, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि ट्रेलर आडवा राहील अशा उंचीवर दांडीची कडी त्यावर टेकवायची. आम्ही हे सगळं घाटातून परत आल्यावर शिकलो. घाटात गोण्या पुढे ओढल्या आणि उरलेला रस्ता तिशीच्या वेगाने संपवला.

जीपचा जुना जोडीदार

या ट्रेलरची जन्मकथा मस्त आहे. अमेरिकी सैन्याला जीपचा पहिला नमुना सप्टेंबर १९४० मध्ये दिला तो अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने. पण जीपच्या मोठ्या ऑर्डर गेल्या विलिज आणि फोर्डकडे. बँटमच्या वाट्याला आले जीपमागचे पाव टनी ट्रेलर. विलिजनेही ते बनवले.

आता आकडे बघा. रिकामा ट्रेलर सुमारे २५० किलो. खडबडीत रस्त्यावर त्यात सुमारे २२५ किलो भरायचे, चांगल्या रस्त्यावर फार तर ४५० किलो. चाकं जीपच्याच ६.००-१६ मापाची, म्हणजे एक स्टेपनी दोघांना पुरते. दोन्ही चाकांमधलं अंतरही जीपइतकंच, म्हणजे चिखलात ट्रेलर जीपच्याच चाकोरीतून येतो. पत्र्याची पेटी जलबंद, पाण्यावर तरंगणारी. आत पाणी साठलं तर काढायला तळाला बुचं.

सगळं डोकं लढवून केलेलं. पण एक गोष्ट या ट्रेलरला मुळातच नाही, ती म्हणजे चालत्या गाडीत लागणारा ब्रेक. आहे तो फक्त हँडब्रेक, उभा असताना धरून ठेवायला. म्हणजे उतारावर ट्रेलर थांबवायचं सगळं काम जीपचं. तो सैन्यात दणकट ठरला, कारण जीपही त्याच हिशेबाची होती, वजन ठरलेलं होतं आणि वेग बेताचा होता. आपण आज त्यात मावेल तेवढं भरतो आणि हायवेला लागतो.

म्हणूनच 'ओढेल का?' हा प्रश्नच चुकीचा. जुनी डिझेल जीप खालच्या गिअरमध्ये काहीही ओढते. प्रश्न आहे 'थांबेल का?' चाळीसचा वेग साठ केला, तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. त्यात मागे अर्ध्या जीपइतकं वजन आणि पुढे तीस वर्षांचे ड्रम ब्रेक. त्यामुळे उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक सतत दाबून ठेवले, तर तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. आणि हो, कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून 'जास्त सेफ' होत नाही. या जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये वळणावर ताण येतो आणि गिअरबॉक्सचं नुकसान होतं. तो चिखलासाठी ठेवा.

रिव्हर्सची परीक्षा

गर्व उतरवायचा असेल, तर हा ट्रेलर मागे घेऊन बघा. दांडी आखूड असल्यामुळे तो क्षणात वळतो, आणि बुटका असल्यामुळे जीपमधून धड दिसतही नाही. काकांची युक्ती अशी: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो. स्टिअरिंग थोडंच फिरवायचं. ट्रेलर वाकडा झाला की हट्ट करायचा नाही, पुढे घेऊन सरळ करायचा. मोकळ्या मैदानात मला हे जमायला एक अख्खी दुपार लागली.

जोडण्याआधी हे बघा

- कागद: कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. पैसे मोजण्याआधी नोंदणी आणि विम्याचं आरटीओत विचारून घ्या.
- रंग: ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. काकांचा ट्रेलर राखाडी आहे, खरवडला की आतून हिरवा.
- दिवे: लष्कराच्या अनेक गाड्या २४ व्होल्टच्या. १२ व्होल्टच्या जीपला तेच बल्ब जोडले, तर मिणमिणतात. बल्ब बदला.
- टायर: नक्षी चांगली म्हणून फसू नका. बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.
- बेअरिंग: वर्षानुवर्षं उभ्या ट्रेलरचं ग्रीस वाळतं. नवं भरा. वाटेत थांबाल तेव्हा चाकाच्या हबजवळ हात नेऊन बघा. एकच हब जास्त तापलं असेल, तर पुढे जाऊ नका.
- साखळी: हुकाला खिटी घाला आणि दांडीपासून जीपपर्यंत दोन साखळ्या फुलीसारख्या बांधा.
- माणसं: ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. फोटोपुरतंही नाही.

कलमं लागली. चाळीसपैकी सदतीस जगली. पावसाळा संपल्यावर पुन्हा जाणं झालं, तेव्हा गाडी भरायला आम्ही तेच चौघं होतो. या वेळी जड सामान आधी मागून घेतलं. निघण्यापूर्वी काका चहा पीत बाजूला उभे राहिले आणि मित्राला एवढंच म्हणाले, "दांडी उचलून बघितलीस?"

त्याने बघितली होती. दोन्ही हातांनीही जेमतेम हलली.