माहितीयुगाचा अनुशेष कोण मोजणार?

देश माहितीयुगात दाखल झाला, हे वाक्य सरकारी भाषणांत आता जुने झाले आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. दाखल झाला म्हणजे नेमके कोण दाखल झाले आणि ते मोजले कोणी?

माझ्याकडे मराठवाड्यातील एका खेड्यातला विद्यार्थी आला होता. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज मुदतीत भरता आला नाही, काही करता येईल का, असे तो विचारत होता. त्याच्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची तार आली आहे. कागदावर गाव जोडलेले आहे. परंतु पंचायतीची खोली कुलुपात आणि वस्ती ओढ्यापलीकडे. घरात एकच साधा फोन, तोही बापाच्या खिशात. तालुक्याच्या दोन खेपा झाल्या, कॅफेवाल्याला पैसे दिले, आईची मजुरी बुडाली आणि शेवटच्या दिवशी संकेतस्थळ उघडलेच नाही. सरकारी तक्त्यात त्या गावापुढे बरोबरची खूण आहे. त्या मुलाची बुडालेली शिष्यवृत्ती मात्र कोणत्याच तक्त्यात नाही.

म्हणूनच निर्देशांक हा केवळ अर्थतज्ज्ञांचा विषय नाही. जे मोजले जाते त्यासाठी तरतूद मागता येते. जे मोजलेच जात नाही, ते अंदाजपत्रकात येत नाही.

माहिती समाजावरील जागतिक शिखर परिषद २००३ साली जिनिव्हात आणि २००५ साली ट्युनिसमध्ये झाली. पुढे २००९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ११ निकषांचा एक निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात कसोट्या तीन होत्या : साधन उपलब्ध आहे काय, त्याचा वापर होतो काय आणि वापरण्याचे कौशल्य आहे काय. पहिल्या दोहोंना प्रत्येकी ४० टक्के वजन, कौशल्याला २० टक्के. २०१७ च्या यादीत १७६ देशांत भारताचा क्रमांक १३४ वा होता. परंतु हा आकडा देशाचा. देशाच्या पोटात काय दडले आहे, ते त्यातून कळत नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीने २०१७-१८ मध्ये थोडे आत डोकावून पाहिले. शहरातील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, खेड्यात १४.९ टक्के कुटुंबांकडे. संगणक शहरात २३.४ टक्के घरांत, खेड्यात अवघ्या ४.४ टक्के घरांत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची आकडेवारी पाहावी, तर ती परिमंडळानुसार दिली जाते. मुंबईचे परिमंडळ स्वतंत्र आणि उरलेला सगळा महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या परिमंडळात. पुणे आणि गडचिरोली एकाच सरासरीत! शिवाय तिथे मोजली जाते ती जोडणी, माणूस नव्हे. एकाच्या खिशात दोन सिमकार्डे असली तर ती दोन धरली जातात आणि फोन नसलेला शेजारी त्या सरासरीत झाकला जातो.

प्रदेशाची प्रगती मोजणे महाराष्ट्राला नवीन नाही. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रे घेतली. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जेवढा मागे, तेवढा त्याचा अनुशेष. १९९४ साली घटनेच्या कलम ३७१(२) नुसार विकास मंडळे आली, १९९५ साली निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली, २०१३ साली केळकर समितीचा अहवाल आला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. १९८४ च्या नऊ क्षेत्रांत दूरध्वनी नव्हता, ते त्या काळाला धरून होते. आज दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, भरतीचा अर्ज हे सारे संगणकावरून मिळत असताना माहितीचा अनुशेष काढला जात नसेल, तर त्याला काय म्हणावे?

मात्र जिल्ह्याची सरासरी काढूनही आपले काम भागणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' या ग्रंथात मराठी प्रदेशाची चार भागांत विभागणी सुचविली. त्याच ग्रंथात एका मोठ्या जातीचे वर्चस्व असलेल्या प्रांतात लहान समाजांचे काय होईल, हा प्रश्नही त्यांनी उभा केला. प्रदेशाचा अनुशेष आणि जातीचा अनुशेष हे दोन्ही एकत्र पाहायचे असतात, हा त्याचा अर्थ.

याला विजेचा दाखला आहे. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली, की गावाचे विद्युतीकरण झाले असे धरले जाई. बागायतदाराच्या विहिरीवर मोटार बसली, की सारे गाव उजळले! २००४ साली केंद्राने व्याख्या बदलली. वस्तीसाठी रोहित्र व वाहिनी हवी, आणि जिथे दलित वस्ती आहे तिथे तीही धरली पाहिजे. शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज हवी. किमान १० टक्के घरांत वीज हवी. १० टक्के ही अट तोकडीच होती. परंतु 'दलित वस्ती' हा शब्द व्याख्येत आला आणि अधिकाऱ्याला वस्तीपर्यंत जाणे भाग पडले. मोजमापाची व्याख्या बदलली की खांब कुठे उभा राहायचा ते बदलते.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. तिच्या मोजणीचे एकक ग्रामपंचायत आहे. म्हणजे १९९७ पूर्वीच्या विजेचीच गत.

आपली मागणी स्पष्ट असावी. वस्तीत जोडणी आहे काय? घरात इंटरनेट चालणारा फोन किती जणांचा स्वतःचा आहे आणि त्यांत स्त्रिया किती? मध्यस्थाला पैसे न देता अर्ज भरता आलेले किती? सेवा केंद्र किती अंतरावर आणि ते महिन्यातून किती दिवस उघडे असते? ही माहिती तालुकानिहाय आणि जातनिहाय प्रसिद्ध झाली पाहिजे. २०२७ च्या जनगणनेत जातनिहाय गणनेचा निर्णय झालेला आहे. घरयादीत इंटरनेटचा प्रश्न आहे, कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा की जमातीचा हाही प्रश्न आहे. हे दोन्ही रकाने जोडून तक्ते काढा, एवढेच म्हणायचे आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क कलम २१ मध्ये अंतर्भूत आहे, असे सांगितले. परंतु हक्क डावलला गेला हे न्यायालयात दाखवायचे, तर आकडे लागतात. माहिती अधिकार कायदा २००५ आपल्या हातात आहे.

कार्यकर्त्यांनी सरकारच्या तक्त्याची वाट पाहू नये. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील घरे मोजावीत, वर दिलेले प्रश्न विचारावेत आणि तो कागद ग्रामसभेत ठेवावा. ग्रामसभेच्या इतिवृत्तात एकदा तो आकडा नोंदला गेला, की तो खोडणे सोपे नसते.