चार फुटांत असई

टेबलावर लढाया मांडणाऱ्यांच्या जगात नेपोलियनचा काळ म्हणजे पंढरी. ऑस्टरलिट्झ, बोरोदिनो, वॉटर्लू ही नावं तिथं रोज उच्चारली जातात. त्याच काळातली, त्याच बंदुकांनी आणि त्याच कवायतीनं लढलेली एक मोठी लढाई आपल्या मराठवाड्यात झाली, हे मात्र लातूर-नांदेडच्या कट्ट्यावर क्वचितच कुणी बोलतं. ती लढाई असईची, 23 सप्टेंबर 1803 ची. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली समोरासमोर आले. हाच वेलस्ली पुढं वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. आयुष्यातली सगळ्यात चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारल्यावर त्यानं वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं, असं सांगतात.

संपादकांनी ‘टेबलावरच्या लढाया कशा तयार होतात’ यावर लिहायला सांगितलं, तेव्हा लढाई कोणती घ्यायची हा प्रश्नच पडला नाही. तसं लातूरकराला जवळचं उदगीर. पण 1760 ची ती लढाई सरकती होती. निजामाची फौज उदगीरहून औशाकडं लढत लढत सरकत गेली आणि सदाशिवरावभाऊंनी तिला वाटेत कोंडलं. कित्येक कोसांवर पसरलेली अशी लढाई एका टेबलावर बसत नाही. तरी उदगीर आणि असई यांच्यात एक धागा आहे. उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळानं आणि तोफांनी मराठ्यांना जे दाखवलं, तेच 1784 मध्ये महादजी शिंद्यांनी द बॉइन या परदेशी सरदाराला चाकरीत घेऊन उभं केलं. त्याच्या कवायती पलटणींच्या कंपूंसाठी आग्र्याला तोफा ओतल्या गेल्या. असईला जे पायदळ उभं होतं ते त्या वंशातलं.

या खेळाचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. प्रशियात राइस्विट्झ बापलेकांनी अधिकाऱ्यांच्या शिकवणीसाठी नकाशावरचा युद्धखेळ रचला, मुलाची नियमावली 1824 ची. 1913 मध्ये एच. जी. वेल्सनं ‘लिटल वॉर्स’ लिहून तो शिशाच्या सैनिकांसह घराघरांत नेला. आज बोटाच्या पेराएवढे सैनिक, इंचपट्टी, फासे आणि जाड नियमपुस्तक एवढं सामान असलं की खेळ सुरू. पण नियमपुस्तक म्हणजे लढाई नव्हे. कुठली पलटण कुठं उभी करायची, कुणाला काय माहीत आहे, किती डावांत काय साधलं म्हणजे जिंकलं, हे सगळं ठरवून एक विशिष्ट दिवस पुन्हा उभा करणं, याला खेळाडू सिनारिओ म्हणतात. खरी कारागिरी तिथं आहे.

सुरुवात जमिनीपासून. पूर्वेला केळणा आणि जुई एकमेकींजवळ येतात आणि पुढं मिळतात. मराठ्यांचा तळ केळणेच्या उत्तर काठानं, असईपासून पश्चिमेला भोकरदनच्या दिशेनं सहाएक मैल पसरलेला. कवायती पायदळ पूर्वेच्या टोकाला, तोंड दक्षिणेला, पुढं नदी आणि नदीवर रोखलेल्या तोफा. वेलस्ली दक्षिणेकडून नळणीहून आला. वाटाड्यांनी सांगितलं, इथं उतार नाही. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत म्हणजे त्यांची येजा असणार, येजा आहे म्हणजे उतार असणार, एवढ्या तर्कावर त्यानं सगळी फौज तिकडं वळवली. उतार निघाला. मराठा तोफांच्या माऱ्यात तो ओलांडताना त्याच्या शेजारच्या ऑर्डरली स्वाराचं डोकं गोळ्यानं उडालं.

दोन नद्यांमधली रणरेषा साधारण एक मैलाची, म्हणजे 1760 यार्ड. टेबलावरच्या एका इंचाला 40 यार्ड धरले तर ती 44 इंचांत मावते. टेबल सहा फूट बाय चार फूट. चार फुटांच्या बाजूला दोन्ही नद्या काठाला लागून येतात आणि चारच इंच मोकळे राहतात. हे गणित जमलं तेव्हा झालेला आनंद मी लपवत नाही. पण याच मापानं सहा मैलांचा तळ मांडायचा तर बावीस फूट लागतात. म्हणून पश्चिमेकडचं घोडदळ टेबलाबाहेर. त्याचा त्रास पुढं येतो.

आता त्या गोष्टीकडं येतो जिच्यापाशी मी अडकलो आणि अजून तिच्यातून पुरता बाहेर आलो नाही.

वेलस्लीचा हिशेब असा होता की आपण पूर्वेकडून नदी उतरलो की मराठ्यांच्या डाव्या बगलेवर येऊ. दक्षिणेला तोंड केलेली त्यांची रांग वळेपर्यंत आपण तिच्यावर पडलेलो असू. पण शिंद्यांच्या कंपूचा मुख्य अधिकारी पोलमन हा हॅनोव्हरचा, पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्याच चाकरीत सार्जंट होता. त्यानं सगळी रांग तोफांसकट नव्वद अंशांत फिरवून पूर्वेला तोंड करून उभी केली. एक टोक केळणेवर, दुसरं असईच्या मातीच्या भिंतींवर. आपल्या पायदळाखेरीज हे कुणाला जमेल असं इंग्रजांना वाटलं नव्हतं.

टेबलावर हे करून बघा. एक मैल लांबीची रांग एका टोकावर दारासारखी फिरवली तर बाहेरच्या टोकाला पाव वर्तुळ चालावं लागतं, म्हणजे सुमारे 2765 यार्ड. त्या काळच्या कवायतीची चाल मिनिटाला 75 पावलं, पाऊल 30 इंचांचं, म्हणजे मिनिटाला साडेबासष्ट यार्ड. नुसतं चालायलाच चव्वेचाळीस मिनिटं लागतील. आणि माणसं नुसती चालत नाहीत. थांबतात, रांग सरळ करतात, हुकमाची वाट बघतात. म्हणून नियमपुस्तकं पंधरा मिनिटांच्या डावाला तेवीस इंचांची चाल देत नाहीत, सहा-आठ इंचांवर ठेवतात. सात इंच, म्हणजे 280 यार्ड धरले तर हे वळण दहा डाव खातं. असईची अख्खी लढाई दुपारी तीनच्या सुमारास सुरू होऊन अंधार पडेपर्यंत चालली, म्हणजे बारा डाव. ज्या वळणामुळं ही लढाई एवढी रक्ताळली, ते वळण पुस्तकी नियमांनी होऊच शकत नाही.

ही अडचण फोडायला कागद-पेन्सिल घेऊन बसलं की पोलमनची हुशारी समजायला लागते. त्यानं दार फिरवलंच नसणार. प्रत्येक पलटण स्वतःपुरती स्तंभात मोडून, जवळच्या वाटेनं नव्या जागी नेऊन, तिथं पुन्हा रांगेत उलगडायची. म्हणजे नकाशा आधी डोक्यात तयार हवा आणि प्रत्येक पलटणीच्या मेजराला आपली नवी जागा कळायला हवी. तोफांचे बैल जुंपून, ओढून, सोडून पुन्हा मारा सुरू करायचा. म्हणून माझ्या मांडणीत मराठा पलटणींना शत्रूपासून बारा इंचांच्या बाहेर असताना स्तंभात दुप्पट चाल आहे, पण स्तंभात असताना गोळीबार नाही. इंग्रजांना उतारावरून एका डावात दोनच पलटणी पलीकडं नेता येतात. आता दोन्ही खेळाडूंची एकाच घड्याळाशी शर्यत लागते. पोलमन चुकला तर अर्धी फौज रस्त्यावर सापडते. जमला तर वेलस्लीसमोर तोफांची भिंत.

ती भिंत कशी होती हे सांगायला हवं. इंग्रजांच्या तोफा पुढं आल्या, तशा मराठा गोलंदाजांनी त्यांचे गोलंदाज आणि बैल टिपून त्या जागीच बसवल्या. शेवटी वेलस्लीनं तोफा मागं सोडून पायदळ संगिनींवर पुढं काढलं. केळणेच्या बाजूनं 78 वी हायलँडर पलटण आणि मद्रासी पलटणी तोफांवर चढल्या. गोलंदाज तोफेपासून हलले नाहीत, तिथंच कापले गेले. इंग्रज रांग त्यांच्या अंगावरून पुढं गेली. आणि मग पडलेल्यांतले काही उठले, तोफा फिरवल्या आणि पुढं गेलेल्या रांगेच्या पाठीत छर्रे घातले. वेलस्लीला पुन्हा मागं येऊन त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

यासाठी मी जो नियम केला तो या सगळ्या कामातला मला सगळ्यात प्रिय. तोफ पडली की गोलंदाजाची बाहुली उचलायची नाही, आडवी ठेवायची. पुढच्या डावांत त्या तोफेच्या सहा इंचांत इंग्रजांची एकही पलटण नसेल तर मराठा खेळाडू फासा टाकतो. पाच किंवा सहा पडले की बाहुली उभी आणि तोफ उलट्या तोंडाला. इंग्रजांनी राखणीला पलटण मागं ठेवली तर पुढची रांग विरळ होते. टेबलावर एक आडवी बाहुली सातशे माणसांच्या पलटणीला खिळवून ठेवते, हे बघताना त्या अनाम गोलंदाजांबद्दल जो आदर वाटतो तो कुठल्याही स्मारकापुढं वाटला नव्हता.

आता अडचणी, आणि त्या पुष्कळ आहेत.

पहिली दर्जाची. प्रत्येक पलटणीला आकडा द्यावा लागतो, मार खाल्ल्यावर ती किती टिकेल याचा. हा आकडा म्हणजे इतिहासावरचा निकालच. मराठे हरले म्हणून त्यांना तीन आणि इंग्रज जिंकले म्हणून त्यांना पाच, असं केलं की लढाई सुरू होण्याआधीच संपते आणि शिवाय ते खोटं आहे. या सैन्यानं त्या दिवशी दोन वेळा मोर्चा बदलला. आधी दक्षिणेला तोंड, मग पूर्वेला, आणि उजवी बाजू मोडल्यावर जुई पाठीशी घेऊन पुन्हा दक्षिणेला. पळणारी फौज असं करत नाही. मग हरले का? युद्ध सुरू होताना शिंद्यांच्या चाकरीतले बरेच इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर सोडून गेले होते. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले लढाईच्या धामधुमीत मैदान सोडून गेले. पलटणी ठाम उभ्या होत्या, पण ‘आता पुढं चला’ म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून मी एकाच पलटणीला दोन आकडे दिले आहेत. जागा धरून राहण्याचा पाच, आपणहून पुढं जाण्याचा दोन. पोलमनची बाहुली सहा इंचांत असेल तरच दुसरा आकडा चार होतो. खेळाडू तक्रार करतात की हा माणूस एका वेळी एकाच जागी असतो. तक्रार रास्त आहे, आणि त्या दिवशी तीच शिंद्यांची तक्रार असायला हवी होती.

दुसरी अडचण घोडदळाची. कवायती पायदळ दहा हजारांच्या थोडं वर होतं, हे बऱ्यापैकी पक्कं. घोडदळ तीस-चाळीस हजार सांगतात. ते सगळं टेबलावर आणलं तर वेलस्ली तिसऱ्या डावात संपतो. न आणलं तर मराठा खेळाडू विचारतो, आमचे स्वार कुठं गेले? ते पश्चिमेला उभेच राहिले, हे खरं. पण का उभे राहिले, याचं एक उत्तर नाही. लूट, पगार, सरदारांची आपसातली तेढ, पायदळाशी नसलेली सांगड, सगळं थोडं थोडं. फाशावर सोडलं तर कधीतरी ते येतात आणि खेळ विद्रूप होतो. बंदी घातली तर इतिहासाला जबरदस्ती होते. सध्या मी त्यांना टेबलाच्या पश्चिम काठाबाहेर ठेवलं आहे. ते हल्ला करत नाहीत, पण ते तिथं आहेत म्हणून इंग्रजांना केळणेच्या दक्षिणेला पेशव्यांचे आणि म्हैसूरचे स्वार अडकवून ठेवावे लागतात. तसं ते त्या दिवशी अडकले होतेच.

तिसरी अडचण ऑरॉकची. वेलस्लीच्या उजव्या टोकाला पहाऱ्याच्या तुकड्या घेऊन असलेला हा अधिकारी हुकूम चुकवून सरळ असई गावाच्या तोफांवर चालून गेला. मागोमाग 74 वी हायलँडर पलटण गेली आणि सुमारे चारशे माणसं गमावून बसली. मॅक्सवेलच्या घोडदळानं येऊन उरलेली वाचवली, आणि मॅक्सवेल पुढच्या चढाईत पडला. ज्यानं असई वाचली आहे असा कुठला खेळाडू आपली पलटण त्या गावाकडं नेईल? पश्चातबुद्धी हा या खेळातला सगळ्यात चिवट शत्रू आहे. चूक करायला भाग पाडणारा पत्ता करून पाहिला, इंग्रज खेळाडू रुसला. शेवटी असं ठरलं की खेळाआधी दोघांनी आपले हुकूम लिहून द्यायचे आणि पहिले चार डाव ते बदलायचे नाहीत. चुका आता खेळाडूंच्या स्वतःच्या होतात. ऑरॉकची चूक होतेच असं नाही.

स्टीव्हन्सनबद्दलही विचारतात. वेलस्लीचा दुसरा सरदार वेगळ्या वाटेनं येत होता आणि त्याच्या फौजेत निजामाची माणसं होती. नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि निजाम इंग्रजांचा दोस्त. आपल्या भागातले कुणी असईच्या आसपास असतीलच तर बहुधा त्या फौजेत. पण ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली. टेबलावर तिला जागा नाही.

सगळ्यात अवघड अडचण शेवटी येते, जिंकलं कुणी हे ठरवण्याची. वेलस्लीनं 98 तोफा घेतल्या. 428 मेले, 1138 जखमी, 18 बेपत्ता. लढाईत उतरलेल्यांपैकी चौथा हिस्सा तरी नक्कीच गेला, काहींच्या हिशेबानं तिसरा. जखमी अजिंठ्याला पाठवावे लागले आणि पाठलाग लगेच झाला नाही. मराठ्यांचे मैदानात बाराशे पडले असं सांगतात, पण त्यांची हजेरीपत्रकं आपल्यापर्यंत आलेली नाहीत, त्यामुळं एका बाजूचा हिशेब माणसागणिक आणि दुसऱ्या बाजूचा अंदाजानं. तोफेला दोन गुण आणि गमावलेल्या इंग्रज बाहुलीला एक, असं धरलं तर खरी असई इंग्रजांच्या बाजूनं झुकते. तोफेला एकच धरला तर बरोबरी. मी दोन धरले आहेत, कारण त्यानंतर आडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या आणि डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. शिंद्यांचं दख्खनमधलं बळ त्या तोफांतच होतं. पण समोर बसलेला मराठा खेळाडू या तहांची जबाबदारी एका दुपारच्या खेळावर घ्यायला तयार नाही. पोलमनची पायदळं अंधारात शिस्तीत जुई उतरून गेली, त्याचे गुण कुठं आहेत, असं तो विचारतो. पुढच्या मांडणीत मी जुईपार गेलेल्या प्रत्येक पलटणीला तीन गुण ठेवून पाहणार आहे.