गोळी एक, काम भलतंच!

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काय काय असतं तुमच्या? अ‍ॅसिडिटीची गोळी, अंगदुखीची गोळी, अ‍ॅलर्जीची गोळी... यातली एकही अँटिबायोटिक नाही. मग बॅक्टेरियाशी यांचा काय संबंध? आहे बॉस, चांगलाच आहे!

२०१८ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या ‘ईएमबीएल’ या संस्थेतल्या संशोधकांनी बाजारातली हजाराहून जास्त औषधं आपल्या आतड्यात राहणाऱ्या ४० प्रकारच्या बॅक्टेरियांवर तपासली. रीत साधीच. बारीक खळग्यांची प्लेट घ्यायची. प्रत्येक खळग्यात बॅक्टेरिया, त्यांचं खाणं आणि एक औषध. बॅक्टेरिया वाढले तर पाणी गढूळ, औषधाने रोखलं तर नितळ. निकाल? बॅक्टेरियांसाठी नव्हे, तर माणसाच्या शरीरावर काम करण्यासाठी बनलेल्या औषधांपैकी तब्बल २४ टक्क्यांनी किमान एका प्रकाराची वाढ रोखली!

जुनी गोळी, नवा जॉब

नवं अँटिबायोटिक शोधणं म्हणजे वर्षानुवर्षांचं आणि प्रचंड खर्चाचं काम. जुन्या औषधाचा डोस आणि साइड इफेक्ट्स मात्र आधीच ठाऊक असतात. म्हणून हा शॉर्टकट. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या टीमने तर १९९८ मध्येच डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा बॅक्टेरियाविरोधी गुण दाखवला होता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ‘एमआयटी’च्या कम्प्युटरने डायबेटिससाठी अभ्यासलेला एक रेणू हेरला, हॅलिसिन. अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूंवरही तो उंदरांमध्ये चालला.

पण घाई नको!

प्लेटमध्ये जमलं ते शरीरात जमेलच असं नाही. बरेचदा जंतू मारायला लागणारी मात्रा रक्तात पोचतच नाही, आणि डोस वाढवला तर पेशंटच धोक्यात! थायोरिडाझिन हे मनोविकारावरचं औषध प्रयोगशाळेत टीबीच्या जंतूंना भारी पडलं. पण त्यामुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, म्हणून २००५ मध्ये मूळ कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं.

खरी काळजी वेगळीच आहे. हायडलबर्गच्या टीमला दिसलं, की अँटिबायोटिक्सना पुरून उरणारे बॅक्टेरिया या साध्या औषधांनाही सहसा पुरून उरतात. म्हणजे एकाविरुद्धची ढाल दुसऱ्याविरुद्धही कामी येते. रोजची साधी गोळीही बॅक्टेरियांना नकळत अँटिबायोटिक्सविरुद्ध तयार करत असू शकते.

म्हणून इन्फेक्शनवर पेनकिलरचा प्रयोग नको, आणि चालू औषध मनाने बंद करणंही नको. फक्त डॉक्टरांनी ‘सध्या काय घेता?’ असं विचारलं, की ड्रॉवरमधल्या गोळ्याही सांगून टाका!