दिघ्यातील घर आणि त्याची डागडुजी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घराच्या दुरुस्तीत पहिले काम दोषाचे मूळ शोधण्याचे असते. ते सापडले की काम कोणाचे, खर्च कोणाचा आणि हत्यार कोणते, हे आपोआप ठरते. मूळ न शोधता केलेला खर्च पुढच्या पावसात वाहून जातो.

दिघा हे नवी मुंबईचे उत्तर टोक. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधून ठाणे-बेलापूर रस्ता. उतारावरची बैठी घरे, चाळी, गावठाणातील इमारती आणि गृहनिर्माण संस्था असे सगळे प्रकार येथे आहेत. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि एरवी खाडीची दमट हवा असल्याने येथील बहुतेक तक्रारी पाण्याच्याच असतात. नव्या घरमालकांत आढळणारे काही गैरसमज पुढीलप्रमाणे.

गैरसमज: घरपट्टी आणि वीजबिल नावावर आहे, म्हणजे घर अधिकृत आहे, आता फक्त डागडुजी करायची.

वस्तुस्थिती: कर भरल्याने किंवा मीटर बसल्याने अनधिकृत बांधकाम नियमित होत नाही. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिघ्यातील एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या अनधिकृत इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. त्या प्रकरणात ९९ इमारतींचा प्रश्न होता आणि त्यांत घरे विकत घेऊन राहणारी कुटुंबे होती. त्यामुळे फरशी बदलण्याआधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहणे हाही देखभालीचाच भाग आहे.

गैरसमज: ताबा घेतला की पुढचा प्रत्येक खर्च आपलाच.

वस्तुस्थिती: रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार बांधकामाच्या सांगाड्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला आणि तो ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत विकासकाच्या नजरेस आणला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्यावी आणि तारखेसह फोटो ठेवावेत. आधी स्वतः तोडफोड केली, तर मूळ दोष कोणाचा हे सिद्ध करणे अवघड जाते.

गैरसमज: भिंतीला ओल आली की वॉटरप्रूफ रंग मारला म्हणजे झाले.

वस्तुस्थिती: रंग पाण्याची वाट बदलत नाही. भिंतीतून पाणी येतच राहिले तर रंगाला फुगे येतात, पांढरी भुकटी साचते आणि पोपडे सुटतात. ओल कधी वाढते, यावरून मूळ ओळखता येते. ती फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची कड किंवा गच्ची तपासावी. बारा महिने सारखीच राहत असेल तर पाण्याच्या पाइपवर संशय घ्यावा. वरच्या घरातील आंघोळीनंतर वाढत असेल तर तेथील नहाणी ट्रॅप किंवा फरशीचे सांधे पाहावेत. सांध्यांतील पांढरे सिमेंट काळाने भेगाळते आणि पाणी त्यातून खाली झिरपते. अशा वेळी खालच्या छताला गिलावा करून भागत नाही. काम वरूनच करावे लागते.

गैरसमज: गळती कुठलीही असो, सोसायटीनेच दुरुस्त करावी.

वस्तुस्थिती: सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ही विभागणी आहे. पावसाची बाहेरून येणारी गळती, सामाईक पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप आणि गच्ची गळल्याने वरच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान, ही कामे संस्थेची. सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाची. आपल्या न्हाणीघरातून खाली गळत असेल, तर खर्च आपल्याकडेच येतो.

गैरसमज: तडा म्हणजे तडा, लांबी भरली की मिटले.

वस्तुस्थिती: गिलाव्यावरची केसासारखी बारीक, जाळीदार रेष बहुधा गिलावा सुकताना पडलेली असते आणि ती रंगकामात भरता येते. कॉलम किंवा बीमवर सळईच्या रेषेत गेलेला तडा, तांबूस डाग किंवा सुटलेले काँक्रीट ही वेगळी बाब आहे. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तड्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. रेष खुणेच्या पुढे सरकली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. पाइप बसवण्यासाठी कॉलमला किंवा बीमला छिन्नी लावणे तर पूर्णपणे टाळावे.

गैरसमज: एमसीबी बसवला आहे, म्हणजे शॉकची भीती नाही.

वस्तुस्थिती: एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागतो. घरगुती वापराचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडतो. त्यावर ‘टेस्ट’ किंवा ‘टी’ लिहिलेले बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. वीज गेली तर यंत्र ठीक आहे, न गेल्यास परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे. अर्थिंग नसलेल्या प्लगवर गिझर चालवू नये. भिंतीत ड्रिल करताना स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली भोक पाडू नये, कारण वायरचा पाइप बहुधा त्याच रेषेत असतो.

गैरसमज: दगडी संरक्षक भिंतीतील भोके बुजवली की पाणी येणार नाही.

वस्तुस्थिती: उतारावरच्या घरांमागील भिंतीत ती भोके मुद्दाम ठेवलेली असतात. डोंगरात मुरलेले पाणी त्यांतून बाहेर पडते. ती बुजली की पाण्याचा दाब भिंतीमागे साठतो आणि भिंत फुगून कोसळू शकते. पावसाळ्यापूर्वी त्यांतील माती आणि गवत काढून, खालचे गटार वाहते ठेवावे.

गैरसमज: नळाचे काम प्लंबरशिवाय होत नाही.

वस्तुस्थिती: टपकणारा नळ हा शिकायला सर्वांत सोपा धडा आहे. सेकंदाला एक थेंब पडला आणि वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तरी दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी जाते. आधी मुख्य कॉक बंद करून नळातील उरलेले पाणी काढावे. वरची मूठ आणि तिच्याखालचा नट सोडवला की स्पिंडल बाहेर येतो. जुन्या नळात त्याच्या टोकाचा रबरी वायसर झिजलेला असतो, तर पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात अख्खा स्पिंडलच बदलतात. जुना भाग दुकानात नेला तर नेमक्या मापाचा मिळतो. नळ भिंतीतून काढला असल्यास आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवावा. मात्र भिंतीतील पाइप, गॅसची जोडणी आणि वायरिंग ही कामे जाणकाराचीच.

गैरसमज: गळती दिसेल तेव्हाच तिचे काम काढावे.

वस्तुस्थिती: पावसात गळती फक्त शोधावी, डागांच्या कडा आखून फोटो घ्यावेत. ओल्या पृष्ठभागावर बरीच रसायने नीट चिकटत नाहीत आणि ओल आत कोंडली जाते. गच्ची व बाहेरच्या भिंतींचे काम कोरड्या दिवसांत, मे संपण्याआधी पूर्ण करावे. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी बसवण्यापूर्वी किमान २४ तास पाणी भरून ठेवावे आणि खालच्या छतावर ओल येते का ते पाहावे. या चाचणीत काम टिकले, तरच कारागिराचा शेवटचा हप्ता द्यावा.