सात पायांची बाई

ग्रीसमध्ये ईस्टरचं भाजणं सुरू होतं ते खायच्या नव्हे, मोजायच्या वस्तूपासून. मैदा, भरपूर मीठ आणि पाणी मळून एक बाई करतात, किरा साराकोस्ती. ही उपवासकाळाची मालकीण. डोक्यावर क्रूस, हात प्रार्थनेसाठी छातीवर घेतलेले. तोंड नाही, कारण उपास आहे. पाय मात्र सात. दर शनिवारी घरातलं पोर तिचा एक पाय तोडतं आणि सातवा तुटतो तो ईस्टरच्या आदल्या दिवशी. काही ठिकाणी हा शेवटचा पाय सुक्या अंजिरात लपवतात. ज्याला मिळेल तो नशीबवान. काळ्या समुद्राकाठच्या पोंतसमधले ग्रीक बटाट्यात किंवा कांद्यात कोंबडीची सात पिसं खोचून तो छताला टांगत आणि आठवड्याला एक पीस उपटत. ज्याला वारही धड सांगता येत नाहीत, त्या मुलालाही ही मोजणी कळते.

मोजायचं कशासाठी, तर उपास कडक असतो म्हणून. ऑर्थोडॉक्स परंपरेत या काळात मांस, दूध, लोणी, चीज, अंडी सगळं वर्ज्य. मासळीला सूट मिळते ती 25 मार्च आणि झावळ्यांचा रविवार या दोन दिवशी. कोंबड्यांना मात्र उपास नसतो. त्या अंडी घालतच राहतात आणि घरात अंड्यांचा साठा होतो. लोण्या-अंड्यांनी जड झालेला ईस्टरचा पाव या साठ्यातून आला. युरोपातल्या ईस्टरच्या बहुतेक गोडधोडामागे हेच गणित आहे. ग्रीकांनी त्यात मुलांना वारानुसार कामं नेमून दिली, हे त्यांचं वेगळेपण.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी लाझाराकिया होतात. येशूने मरणातून उठवलेल्या लाझरसची ही छोटी पावरोटी, कफनात गुंडाळलेल्या माणसाच्या आकाराची. उपास चालूच असल्यामुळे पिठात लोणी किंवा अंडं नाही. ऑलिव्ह तेल, साखर, दालचिनी आणि लवंगेची पूड. घरात जितकी मुलं तितके लाझरस, अशी पद्धत आहे. मोठ्यांनी पीठ मळून द्यायचं, मुलांनी पिठाच्या दोन पट्ट्यांचे हात छातीवर आडवे बसवायचे आणि डोळ्यांच्या जागी दोन लवंगा खोचायच्या. लहान बोटांना जमेल इतकंच हे काम, पण ते सगळं त्यांचंच.

ईस्टरआधीच्या गुरुवारी अंडी लाल रंगतात. जुनी रीत कांद्याच्या सालींची: साली पाण्यात उकळून तो काढा गाळायचा, त्यात थोडं व्हिनेगर घालायचं आणि अंडी शिजवायची. व्हिनेगरमुळे रंग कवचाला नीट धरतो. पहिलं अंडं मरियामातेचं; ते देवघरात वर्षभर राहतं.

त्याच दिवशी त्सुरेकी भाजतात. ही तीनपेडी वेणीची गोड पावरोटी, पेडांत लाल अंडं खोवलेली. तिच्या वासात दोन गोष्टी असतात. एक माखलेपी, म्हणजे रानटी चेरीच्या बीमधल्या गराची पूड. दुसरी मस्तिखा, खिओस बेटाच्या दक्षिणेकडच्या झाडांना चिरा पाडून मिळणारा डिंक. ही डिंकाची शेती 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. मस्तिखाचे खडे नुसते कुटले तर खलबत्त्याला चिकटून बसतात. चमचाभर साखरेसोबत कुटले की भुकटी होते. हे काम पाच-सहा वर्षांचं मूल आनंदाने करतं. लोणी आणि साखर जास्त असल्याने पीठ फुगायला वेळ घेतं, तिथे घाई चालत नाही. झालेली त्सुरेकी सुरीने कापत नाहीत, हाताने ओढतात. आतून लांब तंतू सुटले तर पाव जमला.

आपल्या घरात सुरुवात करायची तर कुलुराकिया ही ईस्टरची बिस्किटं सोपी. 125 ग्रॅम लोणी आणि 100 ग्रॅम साखर फेटून त्यात एक अंडं, संत्र्याच्या सालीचा कीस, 300 ग्रॅम मैदा आणि चमचाभर बेकिंग पावडर घालायची. पीठ हाताला चिकटायचं थांबलं की मळणं थांबवायचं. जास्त मळलं तर बिस्कीट कडक होतं. लिंबाएवढ्या गोळ्याची दोरी वळायची, दुमडायची आणि पीळ द्यायचा. वरून अंड्याचा बलक आणि तीळ. 180 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं. मुलांनी वळलेल्या दोऱ्या एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला बारीक होतात आणि बारीक टोक आधी करपतं, म्हणून साधारण एका जाडीची बिस्किटं एका ताटात ठेवावीत. कच्चं पीठ चाटू देऊ नये. कच्च्या अंड्यातून आणि मैद्यातूनही पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात.

महाराष्ट्रातही ईस्टरचे पदार्थ परके नाहीत, वाट वेगळी आहे. वसई आणि वांद्रे इथल्या कॅथलिक घरांत ईस्टरला मार्झिपानची अंडी होतात, तीही बदामाऐवजी बहुधा काजूची. साच्यात पीठ दाबणं आणि वरची साखरफुलं चिकटवणं हा तिथे मुलांचा वाटा. चकली-करंजीच्या दिवसांत पोळपाटाशी घुटमळणाऱ्या मुलाला आपण एक गोळी देतो खरी, पण बहुतेकदा त्याला गप्प बसवण्यासाठी. ग्रीक रिवाजात त्या गोळीला वार ठरलेला आहे, नाव आहे आणि तिचं जे होईल ते सणाच्या पंगतीत मांडलं जातं. फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

2025 साली पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स या दोन्ही परंपरांचा ईस्टर 20 एप्रिललाच आला होता. 2027 साली पाश्चात्त्य ईस्टर 28 मार्चला आणि ऑर्थोडॉक्स 2 मे रोजी आहे. मुलांसोबत करून पाहायचं असेल तर सात आठवडे आधी पिठाची बाई करून भिंतीला लावा. ती मिठाची असल्याने खायची नाही, एवढं मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.