उजळाईवाडीचं पंख्याचं विमान आणि आपण



कोल्हापूरचं विमान सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं ही बातमी आपण इतक्यांदा वाचली आहे की आता तिचं कुणाला फारसं वाटत नाही. पण ही विमानं टिकत का नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण कारखानदारीतल्या माणसाला ते हिशेब परके नाहीत.

उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. पुढं वाहतूक मात्र तुटक तुटकच राहिली. केंद्र सरकारनं १९८१ साली लहान गावांसाठी ‘वायुदूत’ काढली. ती तोट्यात गेली आणि १९९३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २०१६ साली ‘उडान’ योजना आली. तीत तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपये भाडं, ठरावीक जागांपुरतं, बांधून दिलं. कंपनीची तूट तीन वर्षं सरकारनं भरायची, त्यात राज्याचाही वाटा, असा करार. एप्रिल २०१७ मध्ये पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान उडालं. कोल्हापूर-मुंबई एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालं, तेही जेमतेम अठरा आसनांचं.

या मार्गांवर मुख्यतः पंख्याची विमानं चालतात. इंधन जळून निघालेल्या वायूच्या जोरावर टर्बाइन फिरतं आणि ते पंखा फिरवतं. आपल्या कारखान्यात हेच काम वाफ करते, एवढाच फरक. सत्तर-बहात्तर आसनांचं एटीआर विमान ताशी सुमारे पाचशे किलोमीटर जातं. जेटपेक्षा वेग कमी, पण जवळच्या अंतराला इंधन कमी लागतं आणि धावपट्टीही आखूड चालते. कोल्हापूरची धावपट्टी अवघी १३७० मीटर होती, तेव्हाही २०१८ च्या डिसेंबरात हैदराबादचं एटीआर इथं उतरू लागलं.

मग घोडं अडतं कुठं? कमी उसावर कारखाना चालवला तरी पगार, व्याज, दुरुस्ती सुटत नाही. विमानाचंही तेच. आसनं रिकामी गेली तरी इंधन, वैमानिक आणि भाड्यानं घेतलेल्या विमानाचा हप्ता थांबत नाही. मोठ्या कंपनीचं एक विमान नादुरुस्त झालं तर दुसरं येतं. दोन-चार विमानांच्या कंपनीचं अख्खं वेळापत्रकच कोलमडतं. त्यात मुंबईला उतरण्याची सोयीची वेळ मिळणं दुरापास्त. अठरा आसनांचं विमान चालवणारी एअर डेक्कन २०२० साली थांबली. २०१९ साली कोल्हापूर-मुंबई एटीआर सुरू करणारी ट्रूजेट २०२२ साली बंद पडली.

कुणी म्हणेल, “ऊस तोडणाऱ्याला विमानाचं काय कौतुक?” प्रश्न रास्त आहे. पण तातडीच्या उपचाराला निघालेला रुग्ण, मुलाखतीला जाणारी आपली मुलगी, सुटा भाग घेऊन येणारा यंत्रतज्ज्ञ यांना रात्रभराचा रस्ता महाग पडतो. शिवाय सरकार भरतं तो पैसाही शेवटी जनतेचाच.

तेव्हा मागणी करायची तर नुसत्या उद्घाटनाची नको. विमान आठवड्यातून किती दिवस येणार, मुंबईत सकाळी किती वाजता पोचवणार आणि तीन वर्षांचं अनुदान संपल्यावर कशावर चालणार, एवढं आपल्या प्रतिनिधींना विचारावं. गळिताचा मुहूर्त कोणीही करतो; हंगाम शेवटपर्यंत चालला तरच कारखाना चालला म्हणायचा.